मेनिनास, गुण्या आणि इस्त्री

रविवार, रात्री साडेअकरा

बोटांना अजून मास्किंग टेपचा चिकटा आहे. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं 'लास मेनिनास' (म्हणजे राजकन्येच्या दासी) हे चित्र त्रिकोण-चौकोनांत बसवायला घेऊन आज चार रविवार झाले. शाळेत इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला संकल्पचित्रानेच मला तारलं होतं, त्या जोरावर हा उद्योग.

मूळ चित्र १६५६चं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात, तीन मीटरहून उंच. माझ्यापुढे ए-थ्रीचा प्रिंट. गुण्या लावून चौकटी आखल्या तेव्हा कळलं, की राजकन्या, दासी, कुत्रा, खुद्द चित्रकार, सगळी गर्दी खालच्या अर्ध्यात आहे. वर नुसती अंधारी खोली आणि छताला दिव्यांचे दोन हूक. इतकी वर्षं मी राजकन्येचा झगाच बघत होते म्हणायचं.

पिकासोने ते हूक सोडले नाहीत. १९५७च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत फ्रान्समधल्या कान शहरात तो याच चित्राला भिडला होता. पहिलं मोठं चित्र १७ ऑगस्टचं. सगळं करड्या रंगांत, आणि उभ्याचं चक्क आडवं केलेलं! त्यात वेलास्केझ छताला टेकलाय आणि हूक ठसठशीत. झोपलेल्या दांडग्या कुत्र्याच्या जागी घरातला लुटुलुटु डॅक्सहंड, लुम्प. पिकासो मध्येच कंटाळला असावा, कारण खिडकीतल्या कबुतरांचीही नऊ चित्रं आहेत. अशी एकूण ५८, सगळी १९६८ साली बार्सिलोनाच्या संग्रहालयाला देऊन टाकली.

माझं एकच आहे आणि तेही बिघडलंय. टेप काढली तर हिरवा रंग खालून झिरपून झग्याला शेपूट फुटलेलं. कुत्रा सहा तुकड्यांत केला होता. लेक डोकावून म्हणाली, "आई, ही इस्त्री का?"

बरोबरच आहे तिचं. त्या कुत्र्याचं सगळं वजन जमिनीवर सांडलेलं आहे, आणि मी त्याला टोक काढलं.

चित्रातल्या मागच्या भिंतीवरचा आरसा मात्र पाच मिनिटांत झाला. त्यातले राजा-राणी मुळातच पुसट, चार फटकाऱ्यांचे. दोन फिकट आयत ठेवले आणि ते दोघं दिसायला लागले. वेलास्केझने जे आधीच गाळलं होतं, तिथे माझ्या गुण्याला काही कापावंच लागलं नाही. चेहऱ्यांवर मात्र तोच गुण्या सुरीसारखा चालला.

वरचा अर्धा भाग तपकिरीच्या तीन छटांत सपाट ठेवलाय. हुकांसाठी दोन ठिपके.

पुढच्या रविवारी कुत्रा परत. पोटाकडून सुरुवात करते.