डेस्कटॉप अजून का विकला नाहीस?

"मॅकबुक प्रो घेणार होतास ना? मग हे धूड अजून टेबलावर कसं?" घरी येणारा जो तो हेच विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो.

मॅकबुकची बाजू मला तुमच्यापेक्षा जास्त पटलेली आहे. गोव्यात, मांद्र्याला, खारी हवा कॅबिनेटचे स्क्रू खाते, पावसात लाईटचा भरवसा नाही. शिवाय मी दशावतारी नाटकांचं एडिटिंग करतो, ते फुटेज १०-बिट ४:२:२ एच.२६५ मधलं, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या, पण उलगडायला जड अशा व्हिडिओ प्रकारातलं. माझ्या एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डात ते डिकोड करायची, म्हणजे उलगडून दाखवायची, सोयच नाही. एन्व्हिडियाने ती नंतरच्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली. ॲपलच्या २०२१ च्या मॅकबुक प्रोमधल्या एम१ प्रो चिपमध्येही ती आहे. मित्राच्या मॅकबुकवर तेच फुटेज न अडखळता पुढेमागे सरकलं, तेव्हा डेस्कटॉपला गिऱ्हाईक बघायला मी सुरुवातही केली होती.

मग मे महिन्यातला तो वळीव आला.

एका दशावतारी कलाकाराचा संकासुर आदल्या रात्री चित्रित झाला होता. वय झालेलं, आवाज बसलेला, पण पट्टीचा माणूस. फुटेज माझ्या मशीनवर उतरवून कॅमेऱ्याची मेमरी कार्डं दुसऱ्या नाटकासाठी परत गेली होती. मी बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत काढत होतो. वीज कडाडली, यूपीएस किंचाळला आणि जळकट वास सुटला. पडदा काळा. बाहेरची डिस्कही गेली. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कॅबिनेट स्कूटरवर पायांत धरून म्हापसा गाठलं. दुकानातल्या दादाने एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, काढला, जळलेला. मदरबोर्ड, तोही गेलेला. मग त्याने एनव्हीएमई, म्हणजे डेटा साठवणारी छोटी पट्टी, काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि स्वतःच्या मशीनला लावली. फोल्डर उघडला. पडद्यावर संकासुर आला आणि मी दुकानातच खुर्चीत बसून रडलो. तो कलाकार त्यानंतर रंगमंचावर उभा राहिला नाही.

मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं आणि त्यातला डेटा त्याच बोर्डाच्या चिपशी बांधलेला. बोर्ड गेला की म्हापशातल्या दादाला काढण्यासारखं काही उरत नाही.

पण डेस्कटॉप विकायला निघालेला तेव्हाचा मी लगेच आडवा येतो: मॅकबुक बॅटरीवर चालवला असता तर हे घडलंच नसतं! खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

"मग गेमिंग लॅपटॉप घे." नावावर जाऊ नका. डेस्कटॉपचं ३०७० कार्ड २२० वॅट घेतं, लॅपटॉपमधलं त्याच नावाचं ८० ते १२५, म्हणजे तेवढी ताकद त्यात नाही.

राहता राहिले गेम, ज्यावर तुम्ही हसता. शाळेतले मित्र आता कोणी दुबईत, कोणी बोटीवर. आमचा काउंटर-स्ट्राइक २ हा गेम मॅकवर चालत नाही, २०२३ मध्ये निघाला तेव्हापासूनच. रात्री तासभर तो खेळताना आम्ही एकमेकांच्या आईवडिलांची तब्येत विचारतो, कर्जाचं बोलतो. नुसत्या फोनवर यातलं कोणी काही सांगत नाही. यासाठी मी कोणाची परवानगी मागणार नाही.

मॅकबुकसाठी पैसे अजून बाजूला टाकतोच आहे. मदरबोर्ड नवा बसवला, त्यात त्यातले बरेच गेले. कार्तिकात नाटकं सुरू होतील, तेव्हा ४:२:२ चं फुटेज पुन्हा अडखळेल आणि मी पुन्हा किमती बघायला लागेन.