माती अजून कोमट आहे तोवर

पाणी गोठावं इतकी थंडी जिथे पडत नाही, तिथे हिवाळ्याची सुरुवात हा बागेचा खरा हंगाम. हवा गार झाली तरी मातीत आधीची ऊब काही दिवस टिकते. बी त्या उबेवर पटकन रुजतं आणि रोप गारव्यात निवांत वाढतं. म्हणून सध्या माझी घाई चालू आहे. भेंडी-काकडीचा हट्ट मात्र आता करू नये, ती नुसती रुसून बसतात.

सगळ्यात आधी लसूण. गड्ड्याच्या कडेच्या जाड पाकळ्या निवडायच्या, साल तशीच ठेवायची, टोक वर करून चार-पाच सेंमी खोल लावायच्या. उशीर करू नका. पुरेसा गारवा मिळाला नाही तर पाकळ्या सुट्या होत नाहीत, एकच गोळा हाती येतो.

गाजराचं बी दोन-तीन आठवडे डोकं वर काढत नाही, आणि तेवढ्यात वरचा थर एकदा जरी वाळला तरी संपलं. मी त्याच ओळीत थोडे मुळ्याचे दाणे मिसळते. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो, मातीची पापडी फोडतो आणि गाजराला जागा लागेपर्यंत काढायला तयारही होतो. वर ओलं गोणपाट टाकायचं. मात्र मुळा दिसला की त्याच दिवशी काढायचं. गाजराची रोपं उपटून दुसरीकडे लावली की त्यांना फाटे फुटतात. कच्चं शेणखत घातलं तरी तेच.

धणे पेरायच्या आधी चपलेखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन फोडी करा. मेथी, पालक यांत सांगण्यासारखं काही नाही, फेका आणि माती सारखी करा.

वाटाण्याला काठ्या पेरतानाच रोवाव्यात, नंतर रोवल्या की मुळं दुखावतात. उशिरा पेरलेल्या वाटाण्यावर ऊन वाढता वाढता भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग, हटकून येते. शेंगा संपल्यावर मी वेल उपटत नाही, जमिनीलगत कापते. मुळांवरच्या गाठींतलं नत्र तिथेच राहतं.

फुलांत मला स्वीट पी हवाच, वासासाठी. पण त्याच्या शेंगा थेट वाटाण्यासारख्या दिसतात आणि विषारी असतात. घरात शेंगा तोडून तोंडात टाकणारी पोरं असतील, तर त्याचा मांडव बागेच्या दुसऱ्या टोकाला घाला.