शेतात इंजिनचे वेल्डिंग मशीन मांडताना

यवतमाळच्या कापूसपट्ट्यात इंजिनवर चालणारे वेल्डिंग मशीन आता नवलाईचे राहिलेले नाही. कृषी वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते, आणि ती असली तरी मोडलेले थ्रेशर जिथे उभे आहे तिथवर पोहोचतेच असे नाही. त्यामुळे फॅब्रिकेशनचे काम करणारे आम्ही लोक डिझेलचे मशीन ट्रॉलीवर चढवून शेतोशेती नेतो. मशीन घेणारा माणूस इंजिन किती अश्वशक्तीचे आहे आणि तासाला डिझेल किती खाते हे बारकाईने विचारतो, पण ते ठेवायचे कुठे आणि जोडायचे कसे हे क्वचितच विचारतो. माझ्या मते खरा धोका इंजिनापेक्षा मांडणीत आणि जोडणीत आहे.

जागेपासूनच सुरुवात करावी लागते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बसते, त्यामुळे मशीन जमिनीवर ठेवायचे असेल तर खाली जाड फळ्या टाकून ते समपातळीत आणावे. इंजिन एका बाजूला कलले की तेल पंपापर्यंत नीट पोहोचत नाही आणि बेअरिंगे कोरडी पडतात. ट्रॉलीवर असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी अटकण लावावी. कुटाराचा ढीग, पऱ्हाटीची गंजी किंवा वेचलेला कापूस जवळ असेल तर दुसरी जागा शोधावी, कारण सायलेन्सरची उष्णता आणि वेल्डिंगच्या ठिणग्या या दोहोंपासून त्यांना धोका असतो. धुराचे तोंड वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला असावे. बंद कोठ्यात मशीन चालवू नये, आणि विहिरीत माणूस उतरलेला असताना काठावर तर मुळीच नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि विहिरीत साचलेला वायू सहजासहजी बाहेर निघत नाही. डिझेल भरायचे ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, टाकी काठोकाठ न भरता. बॅटरी जोडताना धन टोक आधी आणि ऋण टोक शेवटी, काढताना नेमके उलट.

केबलीची निवड हा विषय मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण काटकसर नेमकी इथेच केली जाते. समजा मशीनपासून काम २५ मीटर दूर आहे. जाणारी आणि येणारी मिळून ५० मीटर तांब्याची केबल झाली. ती ३५ चौरस मिमीची असेल आणि प्रवाह १५० अँपिअर असेल, तर जवळजवळ पावणेचार व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. आर्कला, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीला, लागतात सुमारे २६ व्होल्ट, म्हणजे ही घट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. केबल ५० चौरस मिमीची घेतली तर घट सुमारे अडीच व्होल्टवर येते. उरलेली केबल गुंडाळी करून मशीनशेजारी टाकू नये, ती पसरून ठेवावी, कारण गुंडाळीत उष्णता कोंडते. केबलीच्या टोकाचे लग (नटाखाली बसणारी धातूची टोके) दाबून पक्के बसवलेले असावेत, ते मशीनच्या टर्मिनलवर थेट टेकावेत, आणि मध्ये वॉशर, गंज किंवा रंग नसावा. सैल नटाखाली टर्मिनल तापते आणि जळते, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

परतीची केबल, म्हणजे कामाकडून मशीनकडे येणारी, वेल्डच्या जितकी जवळ जोडाल तितके चांगले. तिचा क्लॅम्प (चिमटा) ज्या तुकड्यावर वेल्ड होणार आहे त्याच तुकड्यावर, घासून स्वच्छ केलेल्या जागी, लावावा. शेडच्या एका खांबाला क्लॅम्प आणि दुसऱ्या टोकाला वेल्ड, अशी पद्धत सर्रास दिसते. त्यात प्रवाह स्वतःची वाट स्वतः निवडतो, आणि ती वाट बेअरिंगमधून, साखळीतून किंवा तारेच्या दोरातून गेली की ते भाग आतून खराब होतात. ट्रॅक्टरवर किंवा त्याला जोडलेल्या अवजारावर वेल्ड करायचे असेल तर ट्रॅक्टरची बॅटरी आधी सोडवावी. वेल्डिंग रॉड धरणारा होल्डर मोकळा असतानाही त्यावर साधारण ६० ते १०० व्होल्ट असू शकतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवतही नाहीत, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हातमोजे आणि सदरा घामाने चिंब होतात, तेव्हा तेच व्होल्ट जिवावर बेतू शकतात. म्हणून हातमोज्यांची दुसरी जोडी सोबत असावी, हा माझा आग्रह आहे. साखळी, गियर आणि पंख्यावरची जाळी काढून मशीन चालवणाऱ्यांना काय सांगावे, ते मला अजून उमगलेले नाही.

बहुतेक मशीनवर ग्राइंडर आणि ड्रिलसाठी २३० व्होल्टचे सॉकेटही असते. ते वापरताना इंजिन पूर्ण वेगावर असावे, कारण मंद वेगावर व्होल्टेज कमी मिळते आणि मोटारी तापतात. ट्रॉलीचे रबरी टायर मशीनला जमिनीपासून तोडतात, म्हणून मशीनची चौकट ट्रॉलीच्या चासीला जाड तारेने जोडलेली असावी. आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून निश्चिंत होण्याआधी, आपल्या मशीनचा न्यूट्रल (सॉकेटची परतीची तार) चौकटीला जोडलेला आहे की मोकळा, हे माहितीपुस्तिकेत पाहावे; न्यूट्रल मोकळा असेल तर पहिल्या दोषाला आरसीसीबी तुटेलच असे नाही.

रात्री वीज गेली की घरमालक म्हणतो, «भाऊ, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर आहे, घराच्या बोर्डात लावून द्या.» याला ठाम नकार द्यावा. घराची वायरिंग बाहेरच्या तारांशी जोडलेलीच असते. आपली वीज उलट गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेली तर तोच ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करू शकतो, आणि त्या वेळी खांबावर महावितरणचा लाइनमन तार बंद समजून काम करत असू शकतो. घराला मशीनवरून वीज द्यायचीच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची तार किंवा मशीन यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्यावा आणि जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकून चौकट त्याला जोडावी. तोवर सॉकेटमधून थेट एक्स्टेन्शन बोर्ड काढून त्यावर पंखा आणि दिवे लावून द्यावेत.