पोर्तोची सेकंडमेंट: तिकिटाआधी पेशींचं वेळापत्रक

मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या पैशांवर अनेक देशांतल्या संस्था मिळून चालवतात त्या योजनेत, पीएचडी धरली की पगार एका देशात आणि निम्मेअधिक धावपळ भलत्याच देशात, असा संसार सुरू होतो. माझा करार नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाशी आहे. विषय हाडातली पोकळी भरून काढणारे पॉलिमरचे स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारे सांगाडे), आणि सेकंडमेंट, म्हणजे काही काळ दुसऱ्या संस्थेत जाऊन काम, पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या आय-थ्री-एस या संशोधन संस्थेत. परत आल्यापासून माझ्या मागून आलेल्या बॅचचे सेकंडमेंटबद्दल तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

अजून अर्जाच्याच पायरीवर असलेल्यांनी आधी मोबिलिटीचा नियम वाचावा. नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात नोकरी धरायची तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. राष्ट्रीयत्वाची अट नाही. म्हणजे नुकतंच जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्याला जर्मनीतली जागा मिळणार नाही, पण त्याच नेटवर्कमधली पोर्तुगालची किंवा इटलीची मिळू शकते. पैशाबद्दल सांगायचं तर २०२१ ते २०२४ च्या कॉल्समध्ये (अनुदानाच्या फेऱ्यांमध्ये) निर्वाहभत्ता महिना ३,४०० युरो (देशातल्या महागाईप्रमाणे ठरवलेल्या गुणकाने कमी-जास्त) आणि मोबिलिटी भत्ता ६०० युरो होता. हा आकडा बघून हरखू नका. मालकाने भरायचा सामाजिक सुरक्षेचा वाटाही त्यातूनच जातो, मग कर. आणि सेकंडमेंटला स्वस्त देशात जा की महाग, गुणक मूळ देशाचाच राहतो. घरची खोली सोडता येत नाही आणि तिकडचं भाडंही सुरू होतं. प्रवासाचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून आणि परतावा नंतर, अशी पद्धत असेल तर ऑफिसकडे आगाऊ रक्कम मागा. मागितली तर बहुधा मिळते.

कागदपत्रांचं काम प्रयोगाच्या आधी सुरू करा. भारतीय पासपोर्टवर असाल तर रेसिडेन्स कार्डवर ‘संशोधक’ असा उल्लेख आहे ना, ते बघा. असेल तर युरोपीय संघाच्या २०१६/८०१ या निर्देशानुसार दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांत १८० दिवसांपर्यंत संशोधन करता येतं. काही देशांना मात्र आधी कळवावं लागतं, आणि ते यजमान संस्थेच्या मनुष्यबळ विभागाशिवाय होत नाही. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाच्या बाहेर आहेत, आणि स्वित्झर्लंड तर संघातच नाही. तिकडे जाणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी. सामाजिक सुरक्षेचा हप्ता कुठल्या देशात भरता ते दाखवणारं ए-१ प्रमाणपत्र आणि युरोपीय आरोग्य विमा कार्डही बरोबर असू द्या.

पोर्तोला पोहोचणं सोपं आहे. विमानतळावर आंदांते हे मेट्रोचं कार्ड घ्यायचं, जांभळ्या लाइनने त्रिंदादे, तिथे पिवळी लाइन पकडून पोलो युनिव्हर्सितारियो. पर्यटकांच्या मोसमात नदीकाठी खोली शोधण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या बाजूला, आस्प्रेलात बघा. आणि ऑगस्ट टाळा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारा माणूसच सुट्टीवर असेल तर नमुने घेऊन करणार काय?

आता खरं दुखणं. कागदावर सेकंडमेंट महिन्यांत मोजतात, पेशी मात्र त्यांच्या गतीने चालतात. अस्थिमज्जेतल्या स्टेम पेशींपासून हाडाच्या पेशी होतात का, हे अलिझारिन रेड या कॅल्शियमला चिकटणाऱ्या रंगाच्या लाल डागांवरून बघायचं तर साधारण २१ दिवस पेशींचं पोषक माध्यम बदलत बसावं लागतं. त्याआधी सुरक्षा प्रशिक्षण. त्याआधी मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या जिवाणूची चाचणी, कारण बाहेरून आलेल्या पेशी कुठलीही शहाणी लॅब थेट आपल्या इन्क्युबेटरमध्ये घेत नाही. मग गोठवलेल्या पेशींची कुपी उघडायची, पेशी सावरायच्या, वाढवायच्या, स्कॅफोल्डवर सोडायच्या. ही बेरीज केली की दोन महिन्यांत प्रयोग एकदाच होतो हे लक्षात येतं. म्हणून तीन दात्यांच्या पेशी एकामागून एक नव्हे, एकाच वेळी लावा. शक्य असेल तर पेशी नेऊच नका, यजमान लॅबच्याच वापरा. नेणं अटळ असेल तर मटेरियल ट्रान्सफर करारावर (नमुने एका संस्थेकडून दुसरीकडे देण्याचा करार) सह्या व्हायला लागणारा वेळ धरा आणि पार्सल सोमवारी निघेल असं बघा. आमच्यातल्या एकीचं युरोपीय संघाबाहेरून निघालेलं पार्सल शनिवार-रविवार सीमाशुल्कात अडकलं. कोरडा बर्फ उडून गेला आणि पेशीही गेल्या.

स्कॅफोल्ड हातातल्या बॅगेतून नेता येतात. हा निरुपद्रवी पॉलिमर आहे, असं लेटरहेडवरचं पत्र मात्र जवळ हवं. निर्जंतुकीकरण आपल्या मूळ लॅबमध्येच करून पाकिटं सीलबंद न्या. पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) हा पॉलिमर ६० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याचा, प्रश्नच नाही. पण निर्जंतुकीकरणासाठी इकडे इथिलीन ऑक्साइड वायू आणि तिकडे ७० टक्के अल्कोहोल असं झालं तर दोन्हीकडच्या निकालांची तुलना करता येत नाही. पेशींच्या माध्यमात घालायच्या सीरमची बॅचही तीच ठेवा. तिच्यामुळे निकाल किती हलतात हे सांगूनही कोणाला पटत नाही.

नेटवर्कचा प्रशिक्षण आठवडा याच काळात झाला. सॉफ्ट स्किल्सची सत्रं झाली, त्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नियमनाचा दिवस मात्र चुकवू नका. आयएसओ १०९९३-५ या चाचणी मानकानुसार पेशींची जीवनक्षमता ३० टक्क्यांहून जास्त घटली तर पदार्थ विषारी ठरतो, आणि २६ मे २०२१ पासून लागू झालेला २०१७/७४५ हा युरोपीय संघाचा वैद्यकीय उपकरणांचा कायदा असे पुरावे मागतो. त्या दुपारी एका अस्थिशल्यविशारद बाईंनी आमचा ओला स्कॅफोल्ड चिमट्याने उचलला, कात्रीने कोपरा कापला आणि टाका घालून ओढला. धागा कड फाडून बाहेर आला. ‘ऑपरेशन टेबलावर मी हे वापरणार नाही,’ एवढंच म्हणून त्यांनी तो पुढच्याकडे दिला. माझ्या आराखड्यात ताण-चाचणी होती, टाक्याची नव्हती. आता आहे.

निघताना मायक्रोस्कोपच्या मूळ फाइल्स स्वतःच्या डिस्कवर घ्या, नुसते जेपेग नकोत. उणे ८० च्या फ्रीझरमधल्या डब्यावर नाव, तारीख आणि नमुने कधीपर्यंत ठेवायचे तेही लिहा. बिननावाचे डबे सफाईच्या दिवशी पहिले जातात.

मुलाखतीत विचारायचा एक प्रश्न राहिला. युरोपचे पैसे सहसा ३६ महिन्यांचे असतात, नेदरलँड्समधली पीएचडी मात्र सहसा चार वर्षांची. चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, हे गाइडकडून लेखी घ्या. सेकंडमेंटमध्ये एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत वेळ जाऊ शकतो, तोही याच ३६ महिन्यांतून वजा होतो.