बाविसाचे पंच्याहत्तर

मे महिन्यात दुपारी दोनला नागपूर कूलरपुढे आडवं झालेलं असतं. मेल मात्र येतच राहतात. लॉगमध्ये एकेक ओळ वर सरकते: कळमन्याच्या अडत्याचे मिरचीचे भाव आले, पोस्टफिक्सनं, म्हणजे मेल सर्व्हरनं, घेतले, स्क्रिप्टला दिले, 'सेंट'. ते जिथं पोचायचे त्या वेबहुकच्या, म्हणजे डेटा स्वीकारणाऱ्या वेबपत्त्याच्या, टेबलात मात्र खडखडाट.

आलेली मेल वेबहुकला पोचवायची, काम म्हटलं तर काहीच नाही. कुठल्या पत्त्याची मेल कुठे जाते ते सांगणाऱ्या एलियस फाइलमध्ये पत्त्यापुढे पाईपची उभी दांडी, स्क्रिप्टचा मार्ग, मग बदल लागू करणारी 'न्यूएलियसेस' ही कमांड. स्क्रिप्टमध्ये कर्लची, म्हणजे वेबवर डेटा पाठवणाऱ्या प्रोग्रामची, एक ओळ. सगळी गोम त्या ओळीत. नुसतं 'डॅश डी' लावलं की ते नवी ओळ सुरू करणारी चिन्हं गिळतं आणि हेडर-मजकुराचा एकच लगदा पोचतो. तिथं 'डेटा-बायनरी'च हवं. कंटेंट-टाइपही (मजकुराचा प्रकार) हातानं लिहावा, नाहीतर कर्ल अख्ख्या मेलला वेबफॉर्म म्हणून रवाना करतो.

पण खरा घात पुढे आहे. समोरून ५००, म्हणजे 'सर्व्हर बिघडला', आला तरी कर्ल निकालाचा आकडा म्हणून शून्य देऊन मोकळा होतो. पोस्टफिक्सच्या लेखी शून्य म्हणजे मेल पोचली. रांगेतून ती पुसली जाते, कुठे ओरड नाही की तक्रार नाही. म्हणून 'फेल'चा पर्याय लावावा, तर कर्ल २२ देतो. हा आकडा पोस्टफिक्सच्या ओळखीचा नाही, त्यामुळे तो मेल तडक पाठवणाऱ्याच्या माथी परत मारतो. त्याला कळतो तो ७५: आत्ता जमत नाही, नंतर ये. तेवढं ऐकलं की स्वारी मुळातल्या सेटिंगप्रमाणे पाच दिवस चकरा मारते. म्हणजे कर्ल फसला की स्क्रिप्टनं ७५ देऊन बाहेर पडायचं. एवढीशी ओळ, पण नेमकी तीच लिहायची राहते बाप्पा!

चकरांनाही अर्थ हवा. पोस्टफिक्स सुमारे १० एमबीची मेल घेतो, पलीकडे वेबहुकपुढचा वेब सर्व्हर एनजिनएक्स मुळात १ एमबीवर अडून बसलेला. मंडीतून आलेली स्कॅन केलेली पावती मेलसाठी अक्षरांत बदलताना (बेस६४) तिसऱ्या हिश्श्यानं फुगते आणि ४१३, म्हणजे 'फार मोठं आहे', असं उत्तर खाते. पाच दिवस पाठवली तरी ४१३च. ती मर्यादा आधीच वाढवलेली बरी.

शिवाय उत्तर उशिरा आलं तर पोचलेली मेलही पुन्हा पाठवली जाते आणि दोनदा नोंदली जाते. मेसेज-आयडी, म्हणजे मेलची स्वतःची ओळखखूण, तपासून दुसरी टाकून द्यावी. काही बिलिंगवाले प्रोग्राम तो घालतच नाहीत. तिथं मजकुराची हॅश, म्हणजे त्यावरून निघणारा ठसा, काढावी. नाहीतर होऊ द्या दोनदा, हिशेब जुळवणारा ओरडेलच.