शेडमधली गावरान आणि मोकळी गावरान

मागच्या दिवाळीनंतर एकाच हॅचची ६० गावरान पिल्लं आणली आणि मुद्दाम दोन भाग केले. पहिले ३ आठवडे सगळी एकत्रच ब्रूडरखाली, सुरुवातीला साधारण ३५ अंश ऊब आणि मग दर आठवड्याला थोडी कमी करत न्यायची, ७ व्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस. लसीत कंजूषी करू नका हो, मानमोडी आली की अख्खं खुराडं रिकामं होतं.

मग ३० शेडमध्ये पोटभर फीडवर ठेवली आणि ३० वस्तीवर मोकळी सोडली. शेडमधली वजनात सरळ पुढे गेली, उचलून बघितलं तरी कळायचं. मोकळी दिवसभर उकिरडा उकरणार, वाळवी शोधणार, घार दिसली की तुरीत घुसणार, खाल्लेलं बरंचसं त्या पळापळीतच जिरतं मग वजन कुठून धरणार. त्यात मुंगसानं ५ नेली ती वेगळीच.

पाचव्या महिन्यात दोन्हीकडचा एकेक कोंबडा कापला. शेडमधल्याच्या पोटातून मूठभर पिवळी चरबी निघाली, आईनं ती बाजूलाच काढली, म्हणजे जिवंत वजनात मोजलेलं ते सगळं काही ताटात आलं नाही. मोकळ्याच्या पोटात चरबी नावालाच, छाती बारीक पण तंगड्या घट्ट आणि गडद, शिजायला वेळ लागला पण रस्सा असा उतरला की दादांनी नुसता वाटीनं प्यायला.

एक कळलं, गावरानकडून ब्रॉयलरची अपेक्षा धरायची नाही. ब्रॉयलरची पैदासच छातीच्या मांसासाठी झालीय, ६ आठवड्यांत २ किलो गाठतो. झाबुआचा कडकनाथ बघा, पूर्ण वाढलेला कोंबडासुद्धा २ किलोच्या आतबाहेरच राहतो. ते रक्तातच आहे, कितीही फीड ओता.

पण म्हणून जन्मापासून वाऱ्यावर सोडणंही चूकच, कारण पहिल्या २ महिन्यांत प्रोटीन कमी पडलं की पिल्लू जे खुरटतं ते नंतर पूर्ण भरून येणं अवघड. म्हणून आताच्या नव्या बॅचला ८ आठवडे शेडमध्ये चांगलं फीड दिलं, आता दिवसभर मोकळी असतात, संध्याकाळी मक्याचा भरडा आणि अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती) टाकला की हाक न मारता आपोआप परत येतात. कुंपणाला खालून बारीक जाळी मारलीय, अजून तरी एकही गेलेली नाही.