साधनेच्या वहीतली फुली

नववीत असताना सत्संगात आम्हाला एक वही दिली होती. उभे रकाने आखलेले, पहाटे उठणं, नामजप, आरती आणि सगळ्यात शेवटी ब्रह्मचर्य. पाळलं तर बरोबरची खूण, मोडलं तर फुली, आणि एका फुलीला अकरा माळा जास्तीचा जप. दर रविवारी दादा वही बघायचे, बोलायचे काहीच नाहीत, नुसतं फुल्यांवरून पेन्सिल फिरवून मान हलवायचे. ती पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज मला अजून आठवतो.

रक्ताच्या चाळीस थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो असं सांगायचे आणि मी खरंच हिशोब करत बसायचो. प्रिलिमला गणितात मार्क कमी पडले, कारण तेच. केस गळायला लागले, कारण तेच. एका रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी बाबा स्कूटरवरून घसरले, पाय मोडला, दीड महिना प्लास्टर. रोज सकाळी त्यांना खांद्याला धरून मोरीपर्यंत न्यायचो आणि मनात एकच, की हे माझ्यामुळे झालंय. सांगणार कुणाला?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला देव सुटला, तो कसा सुटला ते परत कधीतरी लिहीन. मला वाटलेलं देव गेला की गिल्टपण जाईल, पण तसं काही झालं नाही, नुसते शब्द बदलले. पाप गेलं आणि ॲडिक्शन आलं, डोपामाइन आलं, वही गेली आणि दिवस मोजायचं ॲप आलं, स्ट्रीक तुटली की पोटात तोच गोळा. बघायचो आठवड्यातून एखाद्या वेळी, पण स्वतःला व्यसनी म्हणायचो आणि ते मला अगदी मनापासून खरं वाटायचं.

शेवटी एका काउन्सेलर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग सांगितलं की वीर्य गेल्यानं अशक्तपणा येतो या भीतीनं आपल्याकडे इतके लोक डॉक्टरकडे येतात की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली त्याला धात सिंड्रोम असं नावच दिलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, जी २०२२ पासून लागू आहे, सेक्सवर ताबा न राहण्याचा आजार आहे, पण त्यात स्पष्ट लिहिलंय की त्रास जर निव्वळ हे वाईट आहे या भावनेतून होत असेल तर तेवढ्यावरून निदान करायचं नाही. मी खुर्चीत बसून रडलो. नंतर र. धों. कर्वे वाचले तेव्हा तर रागच आला, हा माणूस १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक काढून आपल्या मराठीत हेच सांगत होता, वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ ला त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले तरी दंड झालाच, आणि एवढं सगळं होऊन माझ्या हातात मात्र ती वही आली.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. फर्स्ट इयरला होस्टेलवर एक क्लिप फिरली होती, आमच्याच गावातल्या दुसऱ्या कॉलेजमधली मुलगी, बॉयफ्रेंडनं चोरून काढलेली. सगळ्यांनी बघितली. मीपण बघितली. रात्री वहीत एक फुली मारली, अकरा माळा ओढल्या, हिशोब मिटला, झोपलो. ती मुलगी कॉलेज सोडून गेली असं नंतर कळलं आणि तेव्हासुद्धा मला माझ्या ब्रह्मचर्याचीच काळजी होती. फुली तीच आणि माळाही तेवढ्याच, एखाद्यानं स्वतःच्या मर्जीनं केलेला व्हिडिओ बघितला काय आणि तिचा बघितला काय. त्या रकान्यात फक्त मी होतो, ती कुठेच नव्हती.

गिल्ट हळूहळू ओसरलं तेव्हा कुठे हे दिसायला लागलं. आता अधूनमधून बघतो, बायकोला माहितीये, त्यावर आम्ही बोलतो पण. पण आधी बघतो की हे कुणी टाकलंय, समोरच्या बाईची मर्जी आहे का. हे दरवेळी कळतंच असं नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये एका मोठ्या साइटनं लाखो व्हिडिओ एकदम काढून टाकले, कारण ते टाकणाऱ्यांची ओळखच तपासलेली नव्हती, ते वाचल्यावर मी दोनतीन दिवस नीट झोपलो नाही. कळत नसेल तर बंद करतो.

मागच्या महिन्यात शाळेच्या ग्रुपवर अशीच एक क्लिप आली. मी लिहिलं, डिलीट कर, तिनं परवानगी दिलेली नाहीये. एकानं विचारलं, तू तर देव मानत नाहीस ना, मग तुला काय प्रॉब्लेम आहे? मी मग त्याला फोन केला आणि होस्टेलवरच्या त्या मुलीचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला थांब, आधी ते काढतो.